हलतंय कोण?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात उन्हातून शिरलं, की सुरुवातीला काही दिसतच नाही. मग डाव्या हाताला पद्मपाणी हळूहळू उमटू लागतो. फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला आधी परवानगी हवी. इथे स्टेबिलायझेशनला तोड नाही. जायरो सेन्सर हाताचा कंप ओळखतात आणि लेन्समधली भिंगं, किंवा अलीकडच्या कॅमेऱ्यांत खुद्द सेन्सर, उलट दिशेला सरकून तो जिरवतो. चार स्टॉपची मदत मिळाली, तर १/६० सेकंदाऐवजी १/४ सेकंदावरही रेषा रेखीव येते, कारण भिंत जागची हलत नाही.

तबलजीचा हात हलतो.

१९९५ साली कॅननची ७५-३०० मिमी लेन्स आली. एसएलआर कॅमेऱ्यासाठी स्टेबिलायझेशन असलेली ती पहिली लेन्स. तेव्हापासून स्टॉपचे आकडे चढत गेले आणि आता काही कॅमेऱ्यांसाठी आठ स्टॉपचा दावा केला जातो. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंचासमोर मात्र द्रुत लयीतली बोटं यातल्या एकाही स्टॉपने थांबत नाहीत. तिथे शटरच वेगवान हवं. एफ/४ वर १/६० मिळत असेल, तर त्याच उजेडात, तेवढ्याच आयएसओवर एफ/२ ची लेन्स जवळपास १/२५० देते. म्हणूनच मैफली टिपायला निघालेल्याने पहिले पैसे ५० किंवा ८५ मिमीच्या एफ/१.८ लेन्सवर घालावेत. महागड्या बॉडीचा विचार नंतर करता येतो.

मोठ्या अ‍ॅपर्चरची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी, एफ/१.८, गायक तीन मीटरवर, तर स्पष्टतेची खोली जेमतेम १३ सेंटिमीटर. डोळे नेमके येतात आणि तानेबरोबर पुढे आलेला हात धूसर होतो. स्टॅनली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’ (१९७५) मधले प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले, ते मुळात नासासाठी बनवलेल्या झाइसच्या एफ/०.७ लेन्सने. फोकस इतका उथळ, की नटांना जागेवरून फारसं हलता येत नसे.

मैफलीत कुणाला असं बसवून ठेवता येत नाही, पण गाणं कानावर असेल तर पुष्कळ साधतं. आलापीत षड्जावर स्थिरावलेला चेहरा क्षणभर निश्चल असतो. तेव्हा स्टेबिलायझेशनच्या भरवशावर १/१५ चालतं, आयएसओ खाली आणता येतो आणि सावल्यांतला दाणा कमी होतो. तिहाई सुरू झाली, की जाणकार छायाचित्रकाराचं बोट डायल फिरवून १/२५० वर गेलेलं असतं, समेच्या आधीच.