बीडचं कोण आलंय?

जानेवारी 2025. महाराष्ट्राचं शिष्टमंडळ गुंतवणुकीचे करार करायला दावोसला निघालं होतं, वाटेत झुरिकला तिथल्या मराठी मंडळींनी मुख्यमंत्र्यांचं जोरात स्वागत केलं. बातम्यांत पुढारी दिसले. पण अशा प्रत्येक समारंभाला एक मागची रांगही असते. रजा टाकून, गाड्या बदलून आलेली माणसं तिथे उभी असतात आणि शेजारच्याला हळूच विचारतात, "आपल्याकडचं कोण आलंय?"

मुंबई-पुण्याच्या माणसाला हे विचारावं लागत नाही. शिष्टमंडळात त्याच्याकडचे निम्मे असतात. नाशिक-नागपूरवालाही निराश होत नाही. खरी शोधाशोध चालते ती बीडकडच्या माणसाची. तो छातीवरचे बिल्ले वाचत फिरतो. मराठवाड्याचा कुणी भेटला तर पहिल्या दोन वाक्यांतच जिल्हा निघतो, तिसऱ्यात तालुका. आणि कुणी म्हणालं, "मांजरसुंब्यावरून खाली केजकडे," की वाढलेलं ताट तसंच राहतं.

मांजरसुंबा हे नाव बीडकडच्या माणसाला असं का धरून ठेवतं, ते नकाशा पाहिला की कळतं. बीड सोडून सोलापूरच्या दिशेने निघालं की घाट चढून हा चौक लागतो. धुळे-सोलापूर महामार्ग इथे पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्याला छेदतो. सोलापूर, लातूर, अहिल्यानगर, संभाजीनगर, कुठेही जायचं असो, चौकात उतरायचं, हात करायचा, मिळेल ती गाडी धरायची. इथल्या रबडीसाठी थांबणाऱ्या गाड्या वेगळ्या. कार्तिकी पौर्णिमेला जवळच्या कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीला, कर्नाटक-तेलंगणातूनही पायी दिंड्या येतात. आणि हंगाम लागला की याच रस्त्यांनी ऊसतोड कामगारांच्या गाड्या पश्चिमेला आणि कर्नाटकात जातात. बाजेवर बांधलेली भांडी, वर बसलेली पोरं, कोयत्यामागे घेतलेली उचल. बीडमधून बाहेर पडणाऱ्यांत सगळ्यात मोठा जथा त्यांचा. त्यांच्यासाठी कुठल्याच मुक्कामी स्वागत समारंभ होत नाही, ही गोष्ट परदेशातल्या बीडकराला गुलाबपाणी शिंपडून घेताना टोचते. टोचायलाच हवी.

स्वागताचा खरा कस मात्र जेवणात लागतो. इथे हणमंतरावांची गोष्ट सांगायलाच हवी.

1781 च्या सुमाराची हकिकत. पेशवाईच्या गादीसाठी झगडणाऱ्या राघोबादादांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला वकील म्हणून लंडनला धाडलं. सोबत मणियार हे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. काम राजकारणाचं, पण दार ठोठावायचं होतं ते एका व्यापारी कंपनीचं. लंडनमध्ये या मंडळींचे हाल झाले. परक्याच्या हातचं चालायचं नाही, पाणी आपलं आपण भरायचं, सोवळ्यात शिजवायचं. परमुलखातल्या बिऱ्हाडात हे जमायचं कसं? ही आबाळ एडमंड बर्कच्या कानावर गेली. हा पार्लमेंटचा सभासद, पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारा. त्याने तिघांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. थंडीत नाजूक झाडं जपायची ती जागा. तिथे हणमंतरावांचा स्वयंपाक होऊ लागला, आन्हिकं होऊ लागली.

डोळ्यांसमोर आणून पाहावं असं हे दृश्य आहे. चहूबाजूंनी काच, बाहेर इंग्लंडची हिरवळ, आत सोवळं नेसून चुलीशी बसलेला मराठी माणूस. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर आपल्या हातचा निवांत भात. बर्कने पाहुण्यांना आपल्या टेबलाशी ओढलं नाही, त्यांची पंगत त्यांना मांडू दिली. आदरातिथ्याचा याहून सुंदर नमुना मराठी-इंग्रजांच्या सबंध इतिहासात सापडणं कठीण. वकिलीचं पुढे काही झालं नाही. 1782 च्या सालबाईच्या तहात कंपनीने राघोबांचा हात सोडला आणि पुढच्याच वर्षी ते कोपरगावात वारले. तहाची कलमं आता अभ्यासकांनाच ठाऊक आहेत. काचघरातली चूल मात्र ऐकणाऱ्याच्या मनातून जात नाही.

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी तर पुढच्या शतकात चौदा वर्षं लंडनला राहिले. गादीची बाजू मांडत, कर्ज काढत. तेव्हा तिथे मंडळ नव्हतं, गणपती नव्हता. लंडनचं महाराष्ट्र मंडळ निघालं ते 1932 मध्ये. साताऱ्याहून आलेल्या एखाद्या पत्राची त्या माणसाने किती पारायणं केली असतील!

आजच्या शिष्टमंडळाच्या हातात करारांच्या फाइली असतात. 2025 च्या दावोसमध्ये महाराष्ट्राने 15.70 लाख कोटी रुपयांचे करार जाहीर केले. पहिला होता कल्याणी समूहाचा, गडचिरोलीसाठी, 5,200 कोटींचा. गडचिरोलीचं नाव पहिलं आलं याचा बीडकराला आनंदच होतो. दुर्लक्षित जिल्ह्यांची एकमेकांत भाऊबंदकी असते, चांगल्या अर्थाची.

त्याला स्वतःला मात्र एवढ्या मोठ्या आकड्यांचं काही सुचवायचं नसतं. त्याला सीताफळाबद्दल बोलायचं असतं. बालाघाटच्या मुरमाड डोंगरांवर, धारूरच्या बाजूला, हे झाड कुणी न लावता येतं. 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण फळ नाजूक. खवल्यांमधल्या भेगा पांढरट-पिवळ्या झाल्या, डोळे उघडले, की तोडायचं. दोन-तीन दिवसांत ते मऊ पडतं. गर तापवला तर कडवटपणा येतो, म्हणून बिया काढून गोठवूनच ठेवावा लागतो. म्हणजे हवी शीतगृहं, न जाणारी वीज आणि बंदरापर्यंत थंड राहणारी गाडी. हे तो हातात प्लेट घेऊन, अधिकाऱ्याला कोपऱ्यात गाठून सांगतो. अधिकारी चांगला असेल तर लिहून घेतो.

त्या जानेवारीत बीडचं नाव काढणं जड होतं. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगच्या सरपंचांचं, संतोष देशमुखांचं, अपहरण करून त्यांचा निर्घृण खून झाला होता. पवनऊर्जा प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हे घडलं, असं तपास यंत्रणेचं म्हणणं. मस्साजोग मांजरसुंब्याहून केजला जातानाच्या वाटेवर आहे. गुंतवणूकदारांनी भरलेल्या दालनात "मी बीडचा" म्हणताना माणसाचा आवाज खाली येतो. खाली येऊ नये. ज्या जिल्ह्यात खंडणीच्या आड उभा राहणारा सरपंच होता, त्या जिल्ह्याचं नाव मोठ्याने सांगावं, आणि न्याय लवकर व्हावा हेही शिष्टमंडळाला तितक्याच मोठ्याने सांगावं. उद्योग त्याशिवाय येत नाहीत.

2025 मध्येच, 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. 1995 मध्ये मंजूर झालेला, परळीपर्यंतचा 261 किलोमीटरचा हा मार्ग. मांजरसुंब्याला तो शिवत नाही. चौकाला अजून एसटी आणि वडापच. पण गोठवलेल्या गराला रेल्वेचा डबा मिळू शकतो का, आणि बीड ते परळीचा टप्पा कधी पुरा होणार, हे दोन प्रश्न पुढच्या शिष्टमंडळासाठी त्याच्याकडे तयार आहेत.