कुटाविना

फलटणच्या बाजारपेठेत भुईमुगाच्या शेंगांचा व दाण्यांचा व्यापार करणारे एक जैन कुटुंब. दिवाळीचा चिवडा खाल्ल्यावर तिथल्या साडेतीन वर्षांच्या नातीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी सारी हकीकत ऐकून, कातडीवरची तपासणी करून निदान केले : शेंगदाण्याची ॲलर्जी. तीन पिढ्या ज्या दाण्यावर जगल्या, तोच दाणा घरातल्या सर्वांत धाकट्या जिवाला सोसत नव्हता.

वर्ज्य हा शब्द त्या घराला परका नव्हता. कांदा, लसूण, बटाटा यांनी उंबरठा कधी ओलांडला नव्हता. पाणी गाळलेले, जेवण सूर्यास्तापूर्वी. आणखी एक जिन्नस सोडला की झाले, असे आजींना वाटले. परंतु कांदा-लसणाविना शिजणाऱ्या रश्श्याला दाटपणा यायचा तो कुटानेच. कोशिंबिरीत कूट, दोडक्याच्या भाजीत कूट, भाकरीसोबत दाण्याची चटणी आणि तेलही घाण्याचे. घाण्याच्या तेलात दाण्यातील प्रथिने राहतात, हे आयुष्यभर तेलबियांचा व्यवहार केलेल्या आजोबांनी डॉक्टरांच्या तोंडून प्रथमच ऐकले. घरात करडईचे तेल आले. सुके खोबरे आणि भाजक्या डाळ्यांचे पीठ यांवर सूनबाईंनी रस्से बसवले. आजोबा महिनाभर नाराजीने जेवले, पण बोलले नाहीत. मोठ्यांसाठी कुटाचा एक डबा मात्र फळीवर राहिलाच.

नातेवाइकांना समजावणे याहून अवघड होते. ‘वावडे’ हा आपला शब्द सोयीचा खरा, पण फसवा. नावडीलाही आपण तोच लावतो. म्हणून कुणी म्हणे, ‘थोडे थोडे द्या, सवय होईल.’ असा प्रयोग घरी करायचा नसतो, हे डॉक्टरांनी बजावले होते. परदेशात अशा मुलांसाठी मांडीवर दाबताच सुई टोचणारे पेन मिळते. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. त्यामुळे ॲड्रेनलिनच्या कुप्या आणि सिरिंज घरी ठेवायच्या होत्या. वजनानुसार मात्रा आणि कोणती लक्षणे दिसताच टोचायचे, हे डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिले आणि सिरिंज भरण्याची क्रिया आईकडून दहा वेळा करून घेतली.

२५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. त्याआधीच धाकटे दीर पुण्याहून सहकुटुंब घरी आले होते. कामाच्या बाई येईनाशा झाल्या आणि स्वयंपाकघरात एकाच्या जागी पाच हात वावरू लागले. धान्य अत्यावश्यक म्हणून पेढी सकाळी काही तास उघडे. आजोबा परतले की मागच्या दारी कपडे काढून स्नान करीत. शेजाऱ्यांना ती करोनाची धास्ती वाटे. या घरी त्या कपड्यांवरच्या दाण्यांच्या धुळीचाही हिशेब होता.

६ एप्रिलला महावीर जयंती. मिरवणूक नव्हती, मंदिर बंद. पाळणा घरीच झाला. आजींनी मुगाचे लाडू वळले. कूट घातले नव्हते. साखर मात्र ज्या मिक्सरच्या भांड्यात दळली, त्यात दोन दिवसांपूर्वी धाकट्या जाऊबाईंनी दाण्याची चटणी वाटली होती. भांडे घासलेले होते. पात्याखालच्या रबराच्या कडीत जे अडकले होते ते कुणाला दिसले नव्हते.

अर्धा लाडू खाऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच मूल ओकले, आवाज घोगरा झाला, खोकला सुरू झाला. आईने कागद पाहिला आणि मांडीत सुई टोचली. हात थरथरला तो नंतर, गाडीत.

चौकातल्या पोलिसांनी गाडी सोडली. रुग्णालयाच्या दारात मात्र खोकला ऐकून माणसे मागे सरली आणि रखवालदाराने तापाच्या रांगेकडे बोट दाखवले. त्या दिवसांत त्याचा तरी काय दोष! आईने वाद घातला नाही. डॉक्टरांचा कागद उघडून समोर धरला आणि एवढेच म्हणाली, ‘हा करोना नाही, इंजेक्शन देऊन आणले आहे.’ आतल्या डॉक्टरांनी दारातच कागद वाचला आणि मुलीला घेतले. लक्षणे पुन्हा उलटू शकतात म्हणून रात्रभर ठेवून घेतले.

आजींनी दुसऱ्याच दिवशी आजन्म शेंगदाणा सोडण्याचा नियम घेतला. सूनबाईंना त्यांचे दुःख कळत होते. तरीही आधी भांडे बदलायला हवे होते, त्याग नंतर. घरातल्या कुणाच्याही प्रायश्चित्ताने रबराची कडी स्वच्छ होणार नव्हती. भांड्यांची दुकाने बंद होती. अखेर फक्त वेलदोडे कुटायला वापरला गेलेला पितळी खलबत्ता माळ्यावरून खाली आला आणि दोन महिने मुलीचे सारे वाटण त्यातच झाले. कुटाचा डबाही फळीवरून गेला.

खरा बदल पेढीवर झाला. दाण्यांचे पोते झटकून त्यातच तूरडाळ भरायची, एकाच तागडीत दोन्ही तोलायचे, ही बाजाराची जुनी रीत. आजोबांना ती घरातल्या कुणाहूनही अधिक ठाऊक होती आणि म्हणूनच त्यांना झोप लागेना. दाण्यांचा व्यापार सोडणे शक्य नव्हते. त्यावर नऊ माणसे जेवत होती. त्यांनी दाणे मागच्या गोदामात हलवले, डाळींसाठी कोरे बारदान आणि वेगळी तागडी ठेवली. खर्च वाढला, दलालांनी थट्टाही केली. पाकीटबंद मालावर शेंगदाण्याचा उल्लेख करणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी २०२० च्या अखेरीस बंधनकारक ठरवले, परंतु सुटा माल विकणाऱ्याच्या पोत्यावर चिठ्ठी नसते. तिथे विकणाराच ती चिठ्ठी.

त्या वर्षी क्षमावाणीही फोनवरच झाली. आजी एकेका नातेवाइकाशी बोलत असताना नात खाकऱ्याचा डबा घेऊन आली. ‘आजी, यात दाणे आहेत का?’ डबा सकाळी आजींनीच भरला होता, वरची चिठ्ठीही त्यांच्याच हातची. त्यांनी फोन बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.