जुनें खेळयंत्र घ्यावें कीं न घ्यावें?

जुनी वस्तु विकत घेण्याच्या कामीं आपल्या वडीलधाऱ्या मंडळींची परीक्षा मोठी कडक असे. पितळेचें पातेलें घ्यावयाचें तर तें वाजवून पाहावें, शिवणयंत्राचें चाक हातानें फिरवून पाहावें, पेटीचा भाता दाबून वारा कोठून निसटतो तें ऐकावें, आणि मगच किंमतीचें बोलणें काढावें, अशी त्यांची रीति. हीच रीति मुलांच्या एका खेळण्यासही लागूं पडते, याचा अनुभव आम्हांला गेल्या वर्षीं जपानांत आला.

टोकिओच्या निशी-कासाई भागांत पुष्कळ भारतीय कुटुंबें राहतात. आमचे चिरंजीवही तेथेंच असतात. आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों तेव्हां घरांत एक वाद चालला होता. नऊ वर्षांचा नातू रात्रीं पांघरुणांत टॅब्लेट घेऊन खेळे, सकाळीं शाळेसाठीं उठत नसे, आणि तें काढून घेतलें कीं आईशीं दोन दोन दिवस अबोला धरी. सूनबाईंच्या मनांत आलें कीं, त्याला एखादें जुनें 'गेम बॉय' आणून द्यावें. त्यांत इंटरनेट नाहीं, जाहिराती नाहींत. खेळ संपला म्हणजे संपला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हेच खेळ फोनवर चालतात. पस्तीस वर्षांपूर्वींच्या डब्यासाठीं पैसे कशाला घालवायचे?" दोघांनींही निर्णय आमच्यावर सोंपविला. पैशांचा प्रश्न लहान होता. माय-लेकरांचें बोलणें तुटत चाललें होतें, ही चिंता मोठी होती.

प्रथम आम्ही त्या यंत्राचें कुळ पाहिलें. निन्टेन्डो ही कंपनी मूळची क्योटोची. १८८९ सालीं ती निघाली ती 'हानाफुदा' नांवाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठीं. गुनपेई योकोई हे गृहस्थ १९६५ सालीं तेथें यंत्रांच्या देखभालीस लागले, आणि ज्या विभागानें पुढें गेम बॉय घडविलें त्याचे ते प्रमुख झाले. त्यांचें धोरण असें कीं, नव्यांत नव्या तंत्रामागें धांवूं नये. जें जुनें होऊन स्वस्त झालें आहे आणि ज्याचे गुणदोष पुरते कळले आहेत, त्याचाच नवा उपयोग शोधावा. म्हणूनच १९८९ च्या एप्रिलांत जें यंत्र बाजारांत आलें, त्याच्या हिरवट पडद्यावर रंग नव्हते, अवघ्या चार छटा होत्या. आणि पडद्यामागें दिवा नव्हता. परंतु चार पेन्सिल सेलांवर तें दहा तासांहून अधिक चाले. १९९० सालीं सेगा कंपनीनें रंगीत व उजळ पडद्याचें 'गेम गिअर' आणलें. त्याला सहा सेल लागत व ते थोड्याच तासांत संपत. आज तें जुनें घेऊं जावें तर आंतील कपॅसिटर गळालेले असणें ही नित्याची गोष्ट. तारुण्यांत जें दिमाखदार होतें तें म्हातारपणीं अधिक दुखणाईत निघालें, आणि साधें होतें तें टिकलें!

मग आम्ही अकिहाबारा येथील जुन्या मालाच्या एका दुकानांत गेलों. तेथें तीन प्रकार दिसले. पहिला 'जंक' अशी चिठ्ठी लावलेला. म्हणजे तपासलेला नाहीं आणि परतही घेणार नाहीं. दुसरा तपासलेला, अंगानें पिवळट पडलेला, परंतु मूळ स्वरूपांतला. तिसरा नवा उजळ पडदा बसविलेला. किंमत दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक.

वडिलांची रीति येथें उपयोगी पडली. सेलांच्या खणाचें झांकण आधीं उघडावें. सेल गळून स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा क्षार सांचला असल्यास थोड्या व्हिनेगरनें तो पुसतां येतो. परंतु धातूच झिजला असेल तर तो नग सोडावा. पडद्यावर कांहीं उभ्या ओळी उमटत नसतील तर खालच्या पट्टीचा सांधा सुटलेला असतो. डाख देण्याच्या सळईची ऊब लागल्यावर तो पुष्कळदां जुळतो, पण तें काम जाणत्या हाताचें. बटणें एकेक दाबून पाहावीं, कारण खालचें रबर झिजतें. आवाजाचें चाक फिरवून खरखर ऐकावी. ज्या खेळांत प्रगति साठवितां येते, त्यांच्या कॅसेटच्या पोटांत बटणाएवढा सेल असतो. तो संपला तर खेळ चालतो, मात्र केलेली मजल राहत नाहीं. कॅसेट जपानी असली तरी कोणत्याही देशाच्या गेम बॉयवर चालते. भाषेची अडचण येते ती लेखी संवादाच्या खेळांत. 'टेट्रिस'ला ती अडचणच नाहीं. अलेक्सेई पाजित्नोव यांनीं १९८४ सालीं मॉस्कोंत रचलेला हा ठोकळ्यांचा खेळ अक्षरांवांचून समजतो. तो पडद्यावर दिसतांच चिरंजीवांना स्वतःचा पुण्यांतला 'ब्रिक गेम' आठवला, आणि त्यांचा विरोध तेथेंच अर्धा ओसरला.

आतां त्यांचा ओढा उजळ पडद्याच्या नगाकडे होता. आम्ही मात्र दुसराच पसंत केला. कारण उघड होतें: ज्या पडद्याला स्वतःचा उजेड नाहीं, तो पांघरुणांत चालत नाहीं. त्याला दिव्याजवळ, म्हणजे माणसांजवळ, येऊन बसावें लागतें. इतरांनीं जो दोष मानला, तोच आमच्या घरचा गुण ठरला.

टॅब्लेटचें वेड त्यामुळें साफ सुटलें, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु आठवड्याभरांत दिवाणखान्यांतल्या दिव्याखालीं, आईच्या शेजारीं, नातवाची एक जागा ठरून गेली. आणि "आई, दिवा जरा इकडे कर ना," हें वाक्य त्या घरांत रोज ऐकूं येऊं लागलें. ज्यांना केवळ आपलें बालपण परत विकत घ्यावयाचें आहे, त्यांनीं हा खर्च करूं नये. फोनवर तें फुकट पाहतां येतें. परंतु वस्तु दुरुस्त होण्याजोगी असेल आणि ती कोणाच्या हातीं व कोठें बसून वापरली जाणार हें आपणांस ठाऊक असेल, तर जुनेपणाला भिण्याचें कारण नाहीं.