मॅटाडोरला वर्म नाही

'शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न' हा खेळ जपानमध्ये २००३ साली प्लेस्टेशन २ वर आला, तेव्हा आमच्या घरी कॉम्प्युटरसुद्धा नव्हता. मी तो खेळले २०२१ च्या मे महिन्यात, त्याची घासूनपुसून काढलेली नवी आवृत्ती जगभर आली तेव्हा. डोंबिवलीत निर्बंध चालू होते, ऑफिस घरातूनच होतं, आणि संध्याकाळी लॅपटॉप उघडला की धाकटा भाऊ शेजारी खुर्ची ओढून बसायचा. खेळायचं मी, अक्कल शिकवायची त्याने, अशी आमची वाटणी.

शत्रूचं वर्म शोधायचं आणि तिथेच घाव घालायचा, हे आम्ही दोघं पोकेमॉनमुळे शिकलो. पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला. १९९६ च्या पहिल्या खेळांत असे पंधरा प्रकार होते, आता अठरा झालेत, आणि भावाला तो सगळा तक्ता तोंडपाठ आहे. त्या पहिल्या खेळांत भूत प्रकारच्या हल्ल्याचा सायकिक पोकेमॉनवर काडीचाही परिणाम व्हायचा नाही. कार्टूनमध्ये मात्र भूतच सायकिकला भारी. ही तक्रार तो अजून करतो. 'फायनल फँटसी ६' मधल्या भुताच्या आगगाडीचा किस्साही त्याचा आवडता. मेलेल्या सोबत्याला उठवायला जे 'फिनिक्स डाउन' वापरतात, तेच त्या गाडीवर टाकलं की गाडी जागच्या जागी संपते, कारण ती मुळात मृतांमध्येच मोडते. अशी युक्ती लागू पडली की माणूस दिवसभर खुशीत राहतो. पण या बहुतेक खेळांत वर्म कळल्याचा फायदा एवढाच, की तीन फटक्यांचं काम एका फटक्यात होतं. तक्ता पाठ नसला तरी चार लढाया जास्त करा, लेव्हल वाढवा, तुम्ही पोचता तिथेच.

नॉक्टर्नमध्ये खरा मोबदला पाळीत मिळतो. गटात चार जण असले तर पडद्याच्या कोपऱ्यात चार खुणा दिसतात. साधा फटका मारला की एक खूण गेली. तो वर्मावर बसला किंवा क्रिटिकल बसला तर अर्धीच जाते, म्हणजे सगळं जमून आलं तर चार पाळ्यांच्या आठ होतात. फटका हुकला, किंवा त्या शत्रूवर तो चालतच नसला, तर दोन खुणा एकदम जातात. त्याने तो शोषून घेतला किंवा उलट आपल्यावर परतवला, तर उरलेल्या सगळ्याच. कॅरममध्ये सोंगटी गेली की हात पुन्हा आपलाच, आणि स्ट्रायकर गेला की हातही जातो, वर एक सोंगटी बाहेर काढून द्यावी लागते, हिशेब तसलाच. याला 'प्रेस टर्न' म्हणतात, आणि आळीपाळीने खेळायच्या लढाईसाठी यापेक्षा देखणा नियम मी तरी पाहिलेला नाही.

देखणा अशासाठी, की समोरच्यालाही तो तसाच लागू आहे. आपल्या गटात एक जण विजेला कच्चा असेल आणि शत्रूला तो सापडला, तर शत्रूच्या पाळ्या वाढतात आणि आपण हात बांधून बघत बसायचं. त्यातून नायक पडला की खेळ संपला, बाकीचे तीन सोबती ठणठणीत उभे असले तरी. 'मुदो' हा शाप एका झटक्यात जीव घेतो. तो नायकावर बसला तर मागच्या टर्मिनलपासून, म्हणजे शेवटचं सेव्ह केलं तिथून, सगळं पुन्हा.

हा नायक म्हणजे अर्धा माणूस, अर्धा राक्षस. त्याला मागातामा नावाचे किड्यासारखे जीव गिळावे लागतात, आणि जो जीव पोटात असेल त्याप्रमाणे त्याचं अंग बदलतं. 'वादात्सुमी' घेतला तर बर्फ लागत नाही, पण वीज जास्त झोंबते. 'हिफुमी' घेतला तर वाऱ्याचे हल्ले निष्फळ. सुरुवातीला मिळणारा 'मारोगारे' कशापासून वाचवत नाही आणि कशाला उघडंही पाडत नाही. बाकी बहुतेकांचा एक दरवाजा बंद, तर दुसरा उघडा. मी एक वही केली होती. डाव्या पानावर शत्रूंची वर्मं, उजव्या पानावर आमची. ॲनलाइझ नावाचं कौशल्य शत्रूची सगळी कुंडली दाखवतं, पण ते वापरण्यातही पाळी खर्च होते, म्हणून एकदा पाहिलेलं लिहून ठेवलेलं बरं. पहिले काही दिवस डावं पान भराभर भरलं. उजव्या पानाकडे माझं फारसं लक्ष नव्हतं.

ते वेधलं मॅटाडोरने. खेळातल्या उलथ्यापालथ्या झालेल्या टोकियोत शिबुयाहून गिन्झाला पोचलं की पुढच्या भुयारी रस्त्याच्या अलीकडे हा उभा असतो. बैलांशी झुंजणाऱ्याच्या वेषातला सांगाडा, हातात तलवार आणि लाल कापड. आग, बर्फ, वीज, काहीही टाका, खूण अर्धी जात नाही. वाऱ्याचा तर त्याच्यावर परिणामच होत नाही. त्याला वर्मच नाही. आणि तो 'रेड कॅपोटे' वापरतो, म्हणजे ते लाल कापड झटकतो, तेव्हा त्याची चपळाई एका दमात टोकाला जाते. मग आपले फटके हुकू लागतात. हुकलेल्या प्रत्येक फटक्याला दोन खुणा. चार जणांनी मारायचं म्हणता म्हणता दोघांतच पाळी संपते, आणि तो सावकाश बळ एकवटून पुढच्या वेळी सगळ्यांवर तलवार चालवतो.

"ताई, लेव्हल वाढव," भावाने पोकेमॉनचा सल्ला दिला.

लेव्हल वाढवून फरक पडला, नाही असं नाही. पण लढाई फिरली ती दुसरीकडून. मॅटाडोर 'माझान' टाकतो, सगळ्या गटावर एकदम वाऱ्याचा मारा. मी नायकाला हिफुमी दिला आणि वारा न लागणारे राक्षस गटात भरले. आता त्याने माझान टाकला की तो आमच्यावर निष्फळ ठरायचा, आणि त्याच नियमाने खुणा त्याच्या जायच्या. आमचा एकही वार न होता त्याची पाळी आटोपायची. मोकळ्या मिळालेल्या त्या वेळात 'सुकुंडा' टाकून त्याची चपळाई उतरवायची, 'सुकुकाजा'ने आपली चढवायची, आणि तो पुन्हा कापड झटकेल तेव्हा हेच पुन्हा. एका वारात पडणारा तो नव्हेच. हळूहळू झिजला.

या तयारीत पहिल्यापासूनचे सोबती सोडावे लागले, ते मला जड गेलं. नॉक्टर्नमध्ये राक्षसांशी बोलून, पैसे चारून त्यांना आपल्यात घेता येतं आणि दोघांना एकत्र आटवून तिसरा घडवता येतो. जुन्या आवृत्तीत नव्या राक्षसाला आईबापांकडून कोणती कौशल्यं मिळतील ते नशिबावर असायचं. नवीत ती निवडता येतात, हे फार बरं झालं. तरीही वाऱ्याला कच्चा असलेला आपला लाडका गडी आटवणीत घालताना हात थबकतोच. एकीला मात्र मी हात लावला नाही. शिंजुकूच्या हॉस्पिटलात सगळ्यात आधी भेटणारी पिक्सी. योयोगी पार्कपर्यंत सोबत करते आणि तिथे 'मी जाऊ का' असं विचारते. तिला शेवटपर्यंत जपणाऱ्याला खेळ पुढे फार मोठं बक्षीस देतो, हे भावाला ठाऊक होतं. मला ते नंतर कळलं. मी ठेवली ती निव्वळ मायेने, आणि मॅटाडोरच्या वेळी तिला बाहेर बसवलं.

अलीकडचे बरेच खेळ एकदा वर्म सापडलं की पुढच्या वेळी मेनूतच त्याची खूण दाखवतात. 'पर्सोना ५' मध्ये तर वर्मावर फटका बसला की शत्रू लोळण घेतो, लगेच जादा पाळी मिळते, आणि सगळे लोळले की चौघं मिळून तुटून पडतात. दिसायला झकास. मी आवडीने खेळलेय. पण थोड्या वेळाने आपण लढत नाही, खुणेवर बोट ठेवत जातो. वहीची गरज उरत नाही, आणि आपण कुठे उघडे आहोत हा प्रश्न साध्या लढायांत फारसा पडत नाही. सोय झाली हे मान्य, पण मला वहीच बरी वाटते.

भुयार ओलांडून आम्ही इकेबुकुरोला पोचलो. तिथे मंत्रा टोळीचं राज्य. ते नायकाला पकडून त्याच्यावर खटला भरतात, आणि खटला म्हणजे एकामागून एक लढाया. पहिला येतो ऑर्थ्रस, दोन डोक्यांचा कुत्रा. आग ओकतो आणि बर्फाला कच्चा. बर्फ टाकला, खूण अर्धी गेली, पुन्हा टाकला, पुन्हा अर्धी. भाऊ टाळ्या वाजवायला लागला. मी मात्र मनातून थोडी नाराज झाले, इतक्या सहज तो गेला.

"पुढे यक्षिणी आहे, मग थॉर," भाऊ म्हणाला. "थॉर वीज टाकतो. त्याचं वर्म शोधू?"

मी वही त्याच्याकडे सरकवली. "उजवं पान काढ. आपल्यात विजेला कच्चं कोण कोण आहे ते आधी वाच."