लिशियाचा किनारा

तुर्कस्तानच्या नैऋत्येला, फेथिये आणि अंताल्या या शहरांच्या दरम्यान, भूमध्य समुद्राला खेटून डोंगराळ किनारा आहे. प्राचीन काळी या मुलखाला लिशिया म्हणत. अंताल्याच्या मोठ्या हॉटेलांत उतरणारे पुष्कळ, पण येथली गावे पायाखाली घालणारे थोडे.

कंपनीची सहल न घेताही हा भाग पाहता येतो. गावोगाव 'दोल्मुश' नावाच्या छोट्या बस धावतात. दोल्मुश म्हणजे भरलेली. आपल्याकडचे वडापच म्हणा ना! पायी जाणाऱ्यांसाठी १९९९ साली ५०० किलोमीटरहून लांब 'लिशियन वाट' खुली झाली. दगडांवरच्या तांबड्या-पांढऱ्या पट्ट्या पाहत चालायचे. उन्हाळा कडक, म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा.

मुक्काम गेलेमिश गावी करावा. शेजारीच पातारा नगराचे अवशेष आणि दूरवर पसरलेली वाळू आहे. तेथे समुद्री कासवे अंडी घालतात, म्हणून त्या हंगामात रात्री किनाऱ्यावर जाण्यास बंदी असते.

पण पातारात आवर्जून पाहावे ते सभागृह. दोन हजार वर्षांपूर्वी लिशियातील २३ नगरांचा संघ होता. मोठ्या नगराला ३ मते, मध्यमाला २, लहानाला १. आणि वर्गणीही त्याच प्रमाणात, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवले आहे. गुलामांना मात्र मत नव्हते, हेही विसरू नये. सभागृहाच्या दगडी पायऱ्या आता पुन्हा बांधून काढल्या आहेत. राजांचे महाल जगात ठायी ठायी दिसतात. लहान गावाचेही मत जेथे मोजले गेले, अशी इतकी जुनी जागा क्वचितच पाहायला मिळते.