बोटांची विद्या

यंत्र माणसाचे श्रम वाचविते, असे आपण शाळेतल्या निबंधात लिहीत आलो. पण यंत्र माणसाला काही शिकवितेही. ते यंत्र गेल्यावर त्या शिक्षणाचे काय होते? हा प्रश्न मला माझ्या आत्यामुळे पडला.

आत्याच्या पिढीत मुलुंड-घाटकोपरकडे शालान्त परीक्षा झाली की टायपिंग क्लासची पायरी चढायची, ही रीतच होती. मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द, ही सरकारी लिपिक-टंकलेखकाची अट. क्लासातले यंत्र पुष्कळदा शेजारच्या विक्रोळीच्या गोदरेज कंपनीचे असे. पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर १९५५ साली त्यांनीच काढला.

हे यंत्र अक्षर डोळ्यांनी शिकवी. ‘श’ म्हणजे अर्धा श आणि काना, असे दोन ठोके. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी, क मागून. आत्याच्या बोटांत हेच मुरले. कचेरीही यंत्रापासून शिकली होती. तीन कार्बन घातले की एक चूक चार प्रतींवर उमटे. म्हणून साहेब मसुदा पक्का करूनच टंकायला देत.

मग संगणक आले. १९९१ च्या भारतीय मानकातल्या इनस्क्रिप्ट कळफलकात क्रम उच्चाराचा, म्हणजे आधी क, मग वेलांटी. नव्या मुलांना ते सोपे गेले. आत्याची बोटे अडखळू लागली. ‘हिला संगणक जमत नाही’ असे म्हणून कचेरीने तिला फायली लावायला बसविले. वीस वर्षांची विद्या एका शेऱ्याने शून्य झाली. पुढे एका तरुण सहकाऱ्याने तिच्या संगणकात टाइपरायटरसारखा रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक बसवून दिला. आठवड्याभरात ती सर्वांच्या पुढे गेली. अडचण फक्त कळांच्या क्रमाची होती, आणि ती तिला कोणी विचारलीच नव्हती.

गोदरेजने २००९ साली टाइपरायटर बनविणे थांबविले. रेमिंग्टन कळफलक मात्र आजही संगणकात मिळतो. यंत्र मोडीत निघाले तरी त्याने लावलेले वळण पुढच्या यंत्रात शिरते, पण कोणीतरी वाट करून दिली तरच.

आज आपण मोबाइलवर रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवितो. उद्या तेही जुने होईल. तोवर आपल्यापैकी काहीजण साहेब झालेले असतील. ‘याला येत नाही’ असा शेरा लिहिण्यापूर्वी ‘याला काय येते?’ एवढे त्यांनी विचारले, तरी माणसाबरोबर कचेरीही शिकेल.