डालड्याचा साटा आणि चंदी पडव्याची घारी

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागात वाढलेल्या आम्हा मराठी मुलांच्या दिवाळीला एक ठरलेला वास होता, कढईत वितळणाऱ्या डालड्याचा. धुळे, नंदुरबार, जळगावकडून भुसावळ पॅसेंजरने उतरलेली ही आमची कुटुंबं. वडील यंत्रमागावर नाहीतर डाइंग मिलमध्ये, आया घरी बसून साड्यांना टिकल्या लावणाऱ्या. पगार झाला की फडताळात पिवळा डबा यायचा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. पैशांची ओढ असली की हातात वाटी मिळायची, ‘पावशेर डालडा लई ये’ म्हणून. कोपऱ्यावरचा गुजराती दुकानदार सुट्टा वनस्पती तोलून द्यायचा. डबा रिकामा झाला तरी घरातून जात नसे. कुणाकडे त्यात रॉकेल, कुणाकडे डाळ, आणि ओट्यावर बहुतेकांची तुळस त्याच डब्यात.

चिरोट्यांचा साटा आजही डोळ्यांपुढे आहे. आई परातीत डालड्याचा गोळा घ्यायची आणि तळहाताने गोल गोल फेसत बसायची. आधी तो रवाळ लागायचा, मग हळूहळू पांढराशुभ्र आणि हलका व्हायचा. त्यात तांदळाची पिठी पडली की ती एक थेंब पाण्याच्या भांड्यात सोडायची. तो वर तरंगला की साटा झाला. शेजारच्या काकू, मावश्या मधूनच येऊन बोट लावून बघायच्या. करंज्यांना मोहन डालड्याचं, शंकरपाळ्यांना डालड्याचं. मैदा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत घालून आम्ही बेकरीवर जायचो, तिथे नानखटाई भाजून मिळायची. गरम पत्रे येईपर्यंत भट्टीपाशी ताटकळणं हे मुलांचं काम.

साटा असा जमायचा तो त्यातल्या एका गोष्टीमुळे. तेलात ओलेइक आम्ल असतं, अठरा कार्बनची साखळी आणि मध्ये एकच दुहेरी बंध. त्या बंधापाशी साखळी वाकलेली असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी 1902 मध्ये द्रव तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. त्यात निकेलच्या साहाय्याने गरम तेलात हायड्रोजन सोडतात. हे अर्धवट झालं की काही साखळ्या भरून निघतात आणि काहींचा बाक नुसताच सरळ होतो. सरळ झालेलं ते इलाइडिक आम्ल, म्हणजे ट्रान्स फॅट. अणू तेवढेच, फक्त मांडणी वेगळी. पण वाकड्या काटक्यांची मोळी सैल राहते आणि सरळ काटक्यांची घट्ट बसते, तसं हे आहे. ओलेइक आम्ल साधारण 13 अंशांवर वितळतं, इलाइडिक 45 अंशांच्या आसपास. सुरतेच्या उन्हाळ्यातही डब्यातला डालडा गोळा धरून बसायचा तो यामुळे. आयांना हे रसायन कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की तेलाचा साटा होत नाही आणि तूप परवडत नाही.

डालडा बाजारात आला 1937 मध्ये. त्याच्यावर संशय तेव्हापासूनच होता, पण तो भेसळीचा. वनस्पती तुपात मिसळला तर ओळखता यावा म्हणून सरकारने त्यात किमान 5 टक्के तिळाचं तेल सक्तीचं केलं. शाळेच्या प्रयोगशाळेत सरांनी तो प्रयोग दाखवला होता. परीक्षानळीत वितळलेलं तूप, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर. नळी हलवून ठेवली की खाली गुलाबी-लाल रंग उतरायचा, आणि तूप देणाऱ्याचं बिंग फुटायचं. 1983 मध्ये वनस्पतीत आयात केलेली जनावरांची चरबी मिसळल्याच्या बातम्या आल्या तेव्हा कित्येक घरांनी डबा बंद केला. लोकांना भीती होती ती धर्म बाटण्याची. खरा धोका भेसळ नसलेल्या, शुद्ध डब्यातही होता, आणि त्याला ना रंग होता ना वास.

तो 1990 मध्ये स्पष्ट झाला. नेदरलँड्समधले संशोधक मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवून दिलं की ट्रान्स फॅट रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं घटवतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये जगभरात दरवर्षी 5 लाखांहून अधिक हृदयमृत्यूंचा संबंध त्याच्याशी जोडला. आमच्या गल्लीतली जी माणसं पन्नाशीच्या आतच गेली, त्यांचं मरण मी डालड्याच्या खात्यावर टाकणार नाही. विडी होती, रात्रपाळी होती, मिलमधली हवा होती. पण आपल्याकडे नियम उशिरा आले हे म्हणावंच लागेल. डेन्मार्कने 2003 मध्ये 2 टक्क्यांची मर्यादा घातली. आपण त्या मर्यादेपर्यंत पोचलो 1 जानेवारी 2022 ला.

मग दुधातुपाचं काय? गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणूही ट्रान्स आम्ल बनवतात. त्यातलं मुख्य ते व्हॅक्सेनिक आम्ल. साखळी तशीच सरळ, फक्त बंध दोन घरं पुढे. सुरतेत आम्हा मराठी मुलांना सलग दोन सण मिळायचे. कोजागरीला गच्चीवर आटवलेलं दूध, आणि दुसऱ्याच दिवशी चंदी पडव्याला मावा भरलेली, तुपात थिजवलेली घारी, सोबत तिखट भुसू. एक घारी सुरीने कापून सगळ्यांत वाटली जायची. त्या दुधात आणि तुपात व्हॅक्सेनिक आम्ल होतंच. पण ते थोडं असतं, आणि शरीर त्यातला काही भाग बदलून वापरतं. नेहमीच्या खाण्यात जेवढं पोटात जातं तेवढ्याने कारखान्यातल्या ट्रान्स फॅटसारखा अपाय अभ्यासांत आढळलेला नाही. फार मोठ्या प्रमाणात मात्र तेही वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. शिवाय घारीतलं तूप संपृक्त चरबीने भरलेलं असतं, म्हणून वाटून खाण्याची ती रीत मला फार शहाणपणाची वाटते.

आज कुणी ‘तुमच्या आयांनी तुम्हाला विष खाऊ घातलं’ असं म्हटलं की मला राग येतो. डबा सरकारमान्य होता, त्यात जीवनसत्त्व ‘अ’ घातलेलं असायचं, आणि पैशांची ओढ असतानाही दिवाळीला मुलांच्या ताटात चिरोटा पडला तो त्याच्यामुळे. चूक असेल तर ती ज्यांना कळत होतं आणि ज्यांनी वेळेवर नियम केले नाहीत त्यांची.

आता मात्र आपल्याला कळतं. तेव्हा या दिवाळीला वनस्पती किंवा मार्जरिन घ्याल तेव्हा वेष्टनावर ट्रान्स फॅटचा आकडा वाचा. सुट्टा, नाव नसलेला वनस्पती घेऊ नका. बेकरीवाल्याला खारी आणि नानखटाई कशात केली ते विचारा, आणि तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. साटा थोड्या साजूक तुपाचाही उत्तम होतो, फक्त तूप गार आणि घट्ट असू द्या.